पडद्यावरचा मित्र : वार्तापटांनी घडविलेली आपली चीनविषयक दृष्टी



गुरूंचे स्मरण करण्याची आपल्याकडची जुनी रीत म्हणजे चार माणसांनी एकत्र बसून एखाद्या विषयाचा शांतपणे विचार करणे. ही व्याख्यानमाला त्याच रीतीने चालत आली आहे, आणि म्हणून आज मी आपल्यासमोर एक असा विषय मांडणार आहे की जो वरवर पाहता सिनेमाचा आहे, परंतु ज्याचा खरा संबंध आपल्या विचार करण्याच्या सवयीशी आहे. एखादा परका देश आपला मित्र आहे हे आपल्याला कसे कळते? आपल्यातील फारच थोड्यांनी तो देश पाहिलेला असतो. त्याची भाषा आपल्याला येत नाही, त्याचा इतिहास आपण शाळेत फारसा शिकलेलो नसतो. तरीही एका पिढीला चीन हा सख्ख्या भावासारखा वाटत होता, आणि त्याच पिढीला पुढे अवघ्या काही आठवड्यांत तो विश्वासघातकी वाटू लागला. हे प्रेम आणि हा संताप या दोहोंच्या घडणीत सिनेमागृहातील दहा मिनिटांच्या वार्तापटाचा वाटा किती होता, याचा शोध आपण घेऊ.

आपल्यापैकी जे सत्तरी ओलांडून गेले आहेत, त्यांना मूळ चित्रपटापूर्वी दाखविला जाणारा तो वार्तापट आठवत असेल. दिवे मालवले जात, तुतारीसारखे संगीत वाजे, आणि एक भारदस्त आवाज सांगू लागे : अमुक धरणाचे उद्‌घाटन झाले, तमुक देशाच्या पाहुण्यांचे विमानतळावर स्वागत झाले. पुष्कळ प्रेक्षक त्या वेळी बाहेर विडी ओढत उभे असत, हेही तितकेच खरे. तरीसुद्धा वर्षानुवर्षे पाहिलेली ती चित्रे मनात कोठेतरी साठत गेली.

वार्तापटाचा जन्म

वार्तापटाचे बीज आपल्याच भूमीत फार लवकर पडले होते. १८९६ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. त्यांतून स्फूर्ती घेऊन हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागविला. १९०१ मध्ये केंब्रिजची सीनियर रँग्लर ही पदवी मिळवून परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे मुंबईत जे स्वागत झाले, ते सावे दादांनी चित्रित केले. भारतीय वार्तापटाचा प्रारंभ बहुतेक अभ्यासक येथूनच मानतात. एका मराठी माणसाने दुसऱ्या मराठी माणसाचा केलेला हा गौरव होता. त्यामागे सरकारचा हात नव्हता.

पुढे या कलेचे तंत्र स्थिरावले. बोलपट आल्यानंतर पडद्यावर दर सेकंदाला २४ चित्रे सरकू लागली आणि एका मिनिटाला ९० फूट फिल्म खर्ची पडू लागली. हजार फुटांचे एक रीळ म्हणजे साधारण अकरा मिनिटांचा खेळ. वार्तापट या एका रिळाच्या आतबाहेर बसवावा लागे. अकरा मिनिटांत पाच-सहा बातम्या बसवायच्या, म्हणजे प्रत्येक बातमीच्या वाट्याला फार तर दोन मिनिटे येणार. दोन मिनिटांत हस्तांदोलन दाखविता येते, पुष्पहार दाखविता येतो, गर्दी दाखविता येते. करारातील कलमे किंवा नकाशावरील रेषा त्यांत मावत नाहीत. हा दोष कोणा व्यक्तीचा नव्हे, तो माध्यमाच्या बांधणीतच आहे, आणि पुढील सर्व कथेचे मर्म तेथेच आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. बातमीचे चित्रण पुष्कळदा मूकच होत असे. निवेदन, संगीत आणि टाळ्यांचा आवाज नंतर स्टुडिओत चढविला जाई. त्यामुळे पडद्यावरील परदेशी माणूस हसताना, हात हलविताना दिसे, पण त्याचे बोलणे क्वचितच ऐकू येई. त्याच्या वतीने निवेदकच बोले. आपण मित्राला पाहत होतो. ऐकत मात्र होतो आपल्याच माणसाला.

सक्तीचा पडदा

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे घोषित केले. ज्या युद्धाविषयी जनतेला विचारले नव्हते, त्या युद्धासाठी जनतेचे मन वळविणे आता सरकारला आवश्यक झाले. १९४० मध्ये ‘फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड’ स्थापन झाले. जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष होते. इंग्लंडहून अलेक्झांडर शॉ यांना आणण्यात आले. त्यांच्यानंतर काही काळ व्ही. शांताराम यांनी प्रमुख निर्माता म्हणून काम पाहिले आणि पुढे ती धुरा एझ्रा मीर यांच्याकडे गेली. १९४३ मध्ये या कामाची पुनर्रचना होऊन अनुबोधपटांसाठी ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि वार्तापटांसाठी ‘इंडियन न्यूज परेड’ अशा दोन शाखा उभ्या राहिल्या.

केवळ चित्रपट काढून भागणारे नव्हते. ते दाखविले जाणेही आवश्यक होते. म्हणून १९४३ मध्येच भारत संरक्षण नियमांत ४४-अ हा नियम घालण्यात आला. त्यान्वये प्रत्येक चित्रपटगृहाने प्रत्येक खेळात सरकारमान्य चित्रपट, २००० फुटांच्या मर्यादेपर्यंत, दाखविलाच पाहिजे असे बंधन आले. २००० फूट म्हणजे सुमारे बावीस मिनिटे. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात ज्यांचे नेते तुरुंगात गेले होते, त्या प्रेक्षकांना ही बावीस मिनिटे किती कडू वाटली असतील, याची कल्पना करावी. १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळाने या खात्याच्या अनुदानाला कात्री लावली आणि या दोन्ही शाखा बंद पडल्या. याचा एक विचित्र परिणाम झाला. १४-१५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री, देशाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या क्षणी, चित्रण करण्यासाठी सरकारची स्वतःची चित्रपटयंत्रणा अस्तित्वातच नव्हती. ते काम खासगी व परदेशी चित्रणकारांनी केले.

एक मैत्री लोकांची, दुसरी सरकारची

आता चीनकडे वळू. चीनविषयीची आपली आपुलकी वार्तापटांनी जन्माला घातली असे कोणी म्हणेल तर ते चुकीचे ठरेल. ती त्यापूर्वीची आहे, आणि तिच्यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, ‘चीन दिन’ पाळले गेले आणि सुमारे २२,००० रुपयांचा निधी जमला. परतंत्र आणि दरिद्री देशाने पै-पैसा करून दुसऱ्या पीडित देशासाठी जमविलेली ही रक्कम होती. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबई बंदरातून निघाले. डॉ. अटल हे त्याचे प्रमुख. डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे बंगालचे. उरलेले दोघे मराठी : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर. त्या काळी आपला निमाड जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता आणि नागपूर ही आपली राजधानी होती. म्हणजे त्या पथकातील एक डॉक्टर बऱ्हाणपूरकरांच्या राजधानीतून गेला होता असे म्हणावयास हरकत नाही.

इतर चौघे परतले. डॉ. कोटणीस परतले नाहीत. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले, तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते निवर्तले. त्या वेळी त्यांचा मुलगा काही महिन्यांचा होता.

ही झाली लोकांची मैत्री. सरकारची मैत्री मागाहून आली. डिसेंबर १९४१ मध्ये जपान ब्रिटन व अमेरिकेविरुद्ध युद्धात उतरला, आणि चीन हा ब्रिटिश साम्राज्याचा अधिकृत दोस्त झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये चँग कै-शेक सपत्नीक हिंदुस्थानात आले. कलकत्त्यास त्यांनी गांधीजींची भेट घेतली आणि जाताना ब्रिटनने भारतीयांना लवकरात लवकर खरी राजकीय सत्ता द्यावी असे जाहीर आवाहन केले. युद्धप्रचाराला चँग हवे होते. त्यांचे हे आवाहन मात्र अडचणीचे होते. प्रचारात मित्राचा चेहरा घ्यायचा असतो, त्याचे मत घेतलेच पाहिजे असे नसते.

याच सुमारास डॉ. कोटणीसांची कथा चित्रपटाला मिळाली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ पडद्यावर आला. शांतारामांनी स्वतः कोटणीसांची आणि जयश्री यांनी त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका केली. तो काल असा होता की कच्ची फिल्म सरकारी परवान्यावर मिळे आणि निर्मात्यांकडून युद्धप्रयत्नास साहाय्यक चित्रपटांची अपेक्षा असे. दोस्त राष्ट्रासाठी प्राण वेचणाऱ्या भारतीय डॉक्टराची कथा त्या अपेक्षेत बसत होती, आणि त्याच वेळी ती राष्ट्रीय सभेने पाठविलेल्या पथकाचीही कथा होती. एकाच चित्रपटात सरकारला आपला दोस्त दिसावा आणि लोकांना आपला वीर दिसावा, असा हा योग होता. परंतु लाखो प्रेक्षकांनी ज्या चीनवर प्रेम केले तो चीन मुंबईच्या स्टुडिओत उभा राहिला होता, हे विसरता येत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत सोव्हिएत रशियाचा गौरव करणारा ‘मिशन टु मॉस्को’ हा चित्रपट निघाला, कारण त्या वेळी रशिया दोस्त होता. १९४७ मध्ये शीतयुद्धाचे वारे वाहू लागताच त्याच चित्रपटाबद्दल निर्मात्यांना अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे स्पष्टीकरण द्यावे लागले. रशिया तोच होता. अमेरिकेची गरज बदलली होती.

‘भाई-भाई’ची वर्षे

एप्रिल १९४८ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली. ‘इंडियन न्यूज रिव्ह्यू’ हा साप्ताहिक वार्तापट तिने सुरू केला. आरंभी तो इंग्रजी, हिंदी, बंगाली, तमिळ व तेलुगू या पाच भाषांत निघे. पुढे मराठीसह इतर भाषांची भर पडली. परकीय सरकारचा ४४-अ नियम गेला होता, पण सक्ती राहिलीच. सरकारमान्य लघुपट व वार्तापट दाखविण्याची अट चित्रपटगृहांच्या परवान्यांतच घालण्यात आली आणि त्याचे भाडेही त्यांच्याकडून घेतले जाऊ लागले. या सक्तीमागचा हेतू निराळा होता हे मान्य केले पाहिजे. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण केवळ १८ टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांना भाक्रा-नांगल दाखविणे, नागा आणि तमिळ बांधवांची ओळख करून देणे, हे काम वार्तापटांनी निष्ठेने केले. आजही त्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्यास त्या रिळांवाचून गत्यंतर नाही.

प्रश्न परराष्ट्रसंबंधांचा आला की मात्र या माध्यमाची मर्यादा उघडी पडे. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत व चीन यांच्यात तिबेटशी होणाऱ्या व्यापाराविषयी करार झाला आणि त्याच्या प्रस्तावनेत पंचशीलाची पाच तत्त्वे आली. जूनमध्ये चीनचे पंतप्रधान चाउ एन-लाय दिल्लीस आले. ऑक्टोबरमध्ये पंडित नेहरू पेकिंगला गेले आणि तेथे रस्त्यांच्या दुतर्फा लाखो लोकांनी त्यांचे स्वागत केले. १९५५ मध्ये बांडुंगची परिषद झाली. १९५६ च्या अखेरीस चाउ पुन्हा भारतात आले आणि अनेक शहरांत फिरले. ‘हिंदी-चिनी भाई-भाई’ ही घोषणा लहान मुलांच्याही तोंडी बसली. कॅमेऱ्याला याहून सुंदर खाद्य कोणते असणार? गर्दी, फुले, कबुतरे, लहान मुले, हसरे नेते! आणि या चित्रांत खोटे असे काहीही नव्हते. ती गर्दी खरी होती, ती फुलेही खरी होती.

आता त्याच वर्षांची दुसरी बाजू पाहू. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सेना तिबेटात शिरली होती. १९५४ च्या कराराने भारताने तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे मान्य केले आणि तेथील आपले लष्करी पहारे व तारटपालाच्या सोयी सोडून दिल्या. २६ ऑगस्ट १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी राज्यसभेत या परराष्ट्रधोरणावर आणि पंचशीलावरील विश्वासावर कठोर टीका केली. आचार्य कृपलानी व डॉ. लोहिया यांनीही तिबेटच्या प्रश्नावर वारंवार इशारे दिले. आणि ज्या ऑक्टोबर १९५४ च्या भेटीतील जनसागर पाहून आपले ऊर भरून आले, त्याच भेटीत नेहरूंनी बंद दाराआड चाउ यांच्याकडे चिनी नकाशांचा प्रश्न काढला होता. आपला प्रदेश त्या नकाशांत चीनमध्ये दाखविला होता. ते नकाशे जुन्या राजवटीचे आहेत, ते सुधारावयास अद्याप वेळ झालेला नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. सप्टेंबर १९५७ मध्ये अक्साई चीनमधून जाणारा रस्ता पूर्ण झाल्याचे चीनने जाहीर केले. ऑक्टोबर १९५८ मध्ये भारताने निषेधाचा खलिता धाडला. पण हे सर्व संसदेसमोर आणि जनतेसमोर आले ते १९५९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली तेव्हा.

म्हणजे जवळजवळ पाच वर्षे एकाच संबंधाच्या दोन कथा समांतर चालल्या होत्या. एक पडद्यावर होती, दुसरी खलित्यांत. शासनाला दोन्ही ठाऊक होत्या. संसदेतील व वृत्तपत्रांतील टीका वाचणाऱ्या थोड्यांना दुसरीची चाहूल लागत होती. सिनेमागृहात बसलेल्या सामान्य माणसाला मात्र पहिलीच कथा ठाऊक होती.

येथे आपल्या परिसरातील एका योगायोगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी आपल्या शेजारच्या नेपानगरचा वृत्तपत्र-कागदाचा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. भाई-भाईच्या ऐन बहरात, देशाचा स्वतःचा बातमीचा कागद आपल्या सातपुड्याच्या कुशीत तयार होत होता. ज्या कागदावर सरकारच्या बाजूचे आणि विरोधी असे दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी छापता येतात तो कागद, आणि ज्या पडद्यावर एकच आवाज ऐकू येतो तो पडदा, दोन्ही त्याच सरकारने उभारले होते. साक्षर माणसाला दोन्ही मिळाले. निरक्षर माणसाला केवळ पडदा मिळाला. आपल्या शाळांचे महत्त्व कशात आहे हे या एका गोष्टीवरून समजावे.

उलटलेले चित्र

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आश्रयास आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लाँगजू येथे आणि ऑक्टोबरमध्ये कोंगका खिंडीत चकमकी झडून आपले जवान कामी आले. एप्रिल १९६० मध्ये चाउ एन-लाय दिल्लीस आले ते अखेरच्या वाटाघाटींसाठी. त्या निष्फळ ठरल्या. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने दोन्ही आघाड्यांवर मोठा हल्ला केला आणि २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी पुकारली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहेच.

त्या पराभवाचे लष्करी व राजनैतिक विश्लेषण हा निराळा विषय. आपल्यापुरता प्रश्न असा की सामान्य माणसाला तो धक्का एवढा जिव्हारी का लागला? वाद असलेल्या शेजाऱ्याशी लढाई झाली तर राग येतो. भावाने सुरा खुपसला तर विश्वासच उडतो. आपल्याला शेजारी म्हणून चीनची ओळख कधी करून दिलीच नव्हती. त्याचे हितसंबंध कोणते, त्याच्या इतिहासातील अपमान कोणते, त्याला कशाची भीती वाटते, आपला आणि त्याचा नेमका वाद कोठे आहे, यांपैकी काहीही पडद्यावर आले नव्हते. आली होती ती केवळ मैत्री. म्हणून ती गेली तेव्हा तिच्या जागी केवळ वैर उरले. मधल्या रंगांची आपल्याला सवयच नव्हती.

या संतापाची किंमत काही निरपराध माणसांनी मोजली. भारतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, येथेच जन्मलेल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० स्त्री-पुरुष-मुलांना आसाम-बंगालातून उचलून राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले. त्यांच्यावर खटले चालले नाहीत. काहींना तेथे कित्येक वर्षे काढावी लागली. कालपर्यंत चामड्याच्या चपला शिवणारा, दात बसविणारा, उपाहारगृह चालविणारा ओळखीचा माणूस एका रात्रीत शत्रू ठरला. त्यांच्या बाजूने फार थोडे लोक बोलले. पडद्यावरच्या चिनी माणसावर आपण प्रेम केले होते. गल्लीतल्या चिनी माणसाची ओळख करून घ्यावयाचे राहून गेले होते.

आणि डॉ. कोटणीस? त्यांचे नाव आपल्याकडे काही काळ मागे पडले. चीनमध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले, १९८२ मध्ये त्यांच्यावर टपालाचे तिकीट निघाले. भारताने १९७६ मध्ये के. आर. नारायणन यांना राजदूत म्हणून पाठवून संबंध पुन्हा जोडले, आणि आपल्या टपालखात्याने कोटणीसांचे तिकीट १९९३ मध्ये काढले. माणूस तोच, त्याचे कार्य तेच. संबंधांचे वारे जसे वाहतील तसे त्याचे चित्र मात्र कधी पुढे आणले गेले, कधी मागे ठेवले गेले.

दोष कोणाचा?

हे सारे ऐकून वार्तापट काढणाऱ्यांवर ठपका ठेवणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. त्यांतील कित्येक जण निष्ठावान आणि कुशल कलावंत होते. त्यांनी डोळ्यांसमोर घडले तेच टिपले. मैत्रीचे धोरणही त्या काळी अविचाराचे नव्हते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाला शांतता हवी होती. शिवाय १९६२ ची आपत्ती वार्तापटांमुळे ओढवली असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

वार्तापटाने जे केले ते एवढेच की त्याने निवड केली, आणि आपण निवड केली आहे हे प्रेक्षकाला कळू दिले नाही. खोटे बोलणाऱ्याला केव्हातरी पकडता येते. खऱ्या गोष्टींतून निवडून दाखविणाऱ्याला पकडणे फार कठीण असते, कारण त्याचे प्रत्येक चित्र खरे असते. त्यातच दाखविण्याची सक्ती होती आणि दुसरा आवाज नव्हता. शिवाय वार्तापटाच्या प्रती मोजक्या असत. त्या आधी मोठ्या शहरांत लागत आणि मग गावोगावी फिरत येत. लहान गावातील तंबूपर्यंत ‘या आठवड्याची’ बातमी पोहोचेतो कित्येक आठवडे, कधी महिने उलटलेले असत. तेथे ज्या मैत्रीला टाळ्या पडत, तिला राजधानीत कदाचित तडा गेलेलाही असे.

आज आपण काय करावे?

फिल्म्स डिव्हिजनचे २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. मुंबईच्या ज्या आवारात ती संस्था होती, तेथील गुलशन महालात आता चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तंबूतला पडदा गेला, दूरदर्शनचा एकमेव आवाजही गेला, आणि प्रत्येकाच्या खिशात एक पडदा आला. त्यावर अकरा मिनिटांचीही गरज उरली नाही. अर्ध्या मिनिटात एखादा देश मित्र ठरतो, दुसरा शत्रू. आवाज हजार झाले, पण प्रत्येकाच्या कानावर बहुधा त्याला आवडणारा एकच आवाज पडतो. म्हणून जुना प्रश्न जुना झालेला नाही.

आमचे गुरुजी गणित शिकविताना म्हणत की उत्तर बरोबर आले तरी कृती दाखवा. परदेशाविषयीच्या कोणत्याही चित्राला आपण हेच सांगावे. हे चित्र कोणी काढले आणि कोणाच्या पैशाने? आवाज कोणाचा आहे, त्या देशातील माणसाचा की त्याच्याविषयी बोलणाऱ्याचा? चौकटीच्या बाहेर काय राहिले? आणि हा देश ज्या दिवशी आपला मित्र नसेल, किंवा शत्रू नसेल, त्या दिवशी हेच चित्र मला कसे दिसेल? हे चार प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. सातवीतील मुलगीही ते विचारू शकते, फक्त तिला ते विचारण्याची सवय लावली पाहिजे. ती सवय लावण्याचे स्थान म्हणजे शाळा.

शेवटी पुन्हा सोलापूरच्या त्या तरुण डॉक्टराकडे वळतो. चीनची ओळख त्यांनी पडद्यावर करून घेतली नव्हती. ते तेथे गेले, भाषा शिकले, जखमा बांधल्या, तेथील माणसांत संसार थाटला. आपल्या सर्वांना एवढे करणे शक्य नाही. पण एखाद्या देशावर प्रेम करण्यापूर्वी किंवा त्याचा द्वेष करण्यापूर्वी त्याच्याविषयी एखादे चांगले पुस्तक वाचणे, नकाशा उघडून त्याची सीमा बोटाने तपासणे, तेथे राहून आलेल्या माणसाशी दोन तास बोलणे, एवढे तर जसोंडीत बसूनही करता येईल. तेवढे आपण केले, तर पुढचा वार्तापट कोणीही काढो, आपल्याला तो नीट पाहता येईल.